फाटक बंद करायचं गाणं

खरखर काढणं हा माझा धंदा होता. व्हर्जिनियात हर्नडनला, एका बाजूला दातांचा दवाखाना आणि दुसऱ्या बाजूला देशी किराणा, अशा मधल्या गाळ्यात आमचं दुकान होतं. लोक ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या, टेपा, क्वचित आवाज कोरलेली मेणाची नळकांडी घेऊन यायचे. आम्ही ती साफ करून वाजवायचो आणि त्यातला आवाज कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचो. भोवतालचं सगळं मराठी जग आयटीत. पार्टीत एखादी नवी सून विचारायची, "काकू, तुम्ही कशात आहात?" मी म्हणायचे, "कचऱ्यात." तिचा चेहरा पडायचा, आणि आमचे हे घाईघाईने म्हणायचे, "ऑडिओ रिस्टोरेशन, ऑडिओ रिस्टोरेशन."

माझ्या वडिलांचं नागपुरात सीताबर्डीला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शाळेतून आले की मी तिथेच बसायचे, त्यामुळे उघडा पडलेला रेडिओ बघून मला कधी भीती वाटली नाही. लग्न होऊन इकडे आले तेव्हा ज्या व्हिसावर आले त्यात बायकोला नोकरीची मुभा नव्हती. बरीच वर्षं मी फक्त स्वयंपाक केला आणि शेजाऱ्यांचे बिघडलेले टेपरेकॉर्डर फुकटात दुरुस्त केले. कामाच्या परवान्याचे कागद हाती आले त्याच आठवड्यात मी वॉल्टरच्या दुकानात गेले. वॉल्टर म्हणजे दुकानाचा मालक, उंच, वाकलेला, बोलायला कंजूष. त्याने मला काही विचारलं नाही. एक तबकडी माझ्यापुढे केली. मी ती दोन तळव्यांत कडेने धरली, बोट आत लागू दिलं नाही. तो म्हणाला, "सोमवारपासून ये."

काम सांगायला सोपं आहे. जुन्या तबकड्या लाखेच्या. साबणाच्या हलक्या पाण्याने, मऊ ब्रशने, तबकडीवरची आवाजाची चर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने धुवायच्या. मग सुई निवडायची. इथेच खरी गंमत. पूर्वीच्या मालकाने बोथट सुईने शेकडो वेळा वाजवून चरीचा तळ झिजवलेला असतो. मग आपण थोडी जाड सुई लावायची. ती चरीत जरा वर बसते, जिथे ती जुनी सुई कधी पोचलीच नव्हती, आणि तिथे आवाज अजून ताजा असतो. पहिल्यांदा मी हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. शंभर वर्षांपूर्वी मेलेला माणूस घसा साफ करून गायला लागतो. एवढं झालं की उरलेली खरखर कॉम्प्युटरवर काढायची, पण जपून. फार हात चालवला की खरखरीबरोबर माणूसही जातो.

वॉल्टरचा एकच नियम होता. मागाहून आलेलं काढायचं, आधीपासून असलेलं ठेवायचं. ओरखडा मागाहून आला, काढा. गाताना खुर्ची करकरली, ती तेव्हाच करकरली होती, राहू द्या. एकदा एक म्हातारी बाई नवऱ्याच्या भाषणाची टेप घेऊन आली. मी मन लावून भाषण स्वच्छ केलं आणि मधला खोकलाही उडवला, कारण तो फारच वाईट होता. बाईने ऐकलं आणि मला म्हणाली, "त्याचा खोकला कुठे गेला?" वॉल्टरने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी निमूट खोकला परत आणला. ती बाई तो ऐकून हसली आणि मग रडली.

ग्रंथालयांकडूनही कामं यायची, खोकीच्या खोकी. त्यांतून मला या देशाची एक बाजू कळली जी नागरिकत्वाच्या परीक्षेत विचारत नाहीत. शंभरेक वर्षांपूर्वी आशियातल्या माणसांना इथे येऊ न देण्याचे कायदे झाले, हे मला वाचून माहीत होतं. पण कायदा होण्याआधी त्याचं गाणं होतं, हे मला त्या खोक्यांनी दाखवलं. तेव्हा बऱ्याच घरांतून पियानो असे. दुकानात गाण्याचे छापील कागद मिळत, वर रंगीत चित्र. चिनी माणसावर गाणं, जपान्यावर गाणं, आणि आपल्यावरही. आपल्या सगळ्यांना, पगडीवाल्या शीख शेतकऱ्यालासुद्धा, ते "हिंदू" म्हणत. गाणी रागावलेली नसत. तसं असतं तर बरं झालं असतं. ती ठेक्याची, गमतीची, पोरांना पाय आपटत म्हणता येतील अशी असत. आई पियानो वाजवतेय, मुलं कोरस म्हणतायत की बोटीतून येणाऱ्यांना परत पाठवा. अशा घरात वाढलेल्या माणसाला पुढे कायदा समजावून सांगायची गरजच काय? तो त्याला पाठ होता.

हल्ली तशी गाणी निघत नाहीत असं नाही. फोनवर फिरतात, यंत्राकडून बनवून घेतलेली, आमच्या व्हिसाचं नाव घेऊन. माझ्या भाच्याने एक पाठवलं होतं, "मावशी, ऐक, आपल्यावर गाणं आलंय यार!" आणि शेजारी हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. चाल चांगली होती. वाईट याचंच वाटतं.

आता मार्थाची गोष्ट. मार्था शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेली, डोंगरापलीकडच्या गावाहून स्वतः गाडी चालवत आली. मांडीवर उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली तबकडी. तिच्या आजोबांनी तरुणपणी गायलेलं एकमेव गाणं, एका लहानशा कंपनीने काढलेलं. एका बाजूला आजोबांचा आवाज, दुसऱ्या बाजूला तीच चाल नुसती बँडवर. तिचे आजोबा कोंबड्यांना दाणे टाकताना ही चाल शीळ घालून म्हणत. तिची आई हीच चाल अंगाई म्हणून गायची, पण ला ला ला करत, कारण शब्द आजोबांनी कुणाला शिकवलेच नव्हते. तबकडी तर आईच्या लहानपणीच इतकी झिजली होती की तिच्यातून तळणीचा आवाज तेवढा यायचा.

"मला नातीच्या बाळासाठी शब्द हवेत," मार्था म्हणाली. "आमच्या घरात तीन पिढ्या बिनशब्दांच्या झोपल्या."

मी ते काम आनंदाने घेतलं. सुया बदलून बदलून बघितल्या. शब्द लागत नव्हते, पण चाल लागली आणि माझ्या डोक्यात बसली. घरी पोळ्या लाटताना मी ती गुणगुणायचे. आमचे हे सुरांच्या बाबतीत औरंगजेब, तेही दाढी करताना म्हणू लागले. मग एका दुपारी योग्य सुई मिळाली आणि शब्द वर आले.

स्वच्छ, गोड, प्रेमळ आवाज होता. तो सांगत होता की हे फाटक आमच्या बापजाद्यांनी बांधलं, ते लाव रे भावा. दुसऱ्या कडव्यात आम्ही आणि ते अशी तुलना. आम्ही नांगर घेऊन आलो, ते बोचकं घेऊन आले. आम्ही कष्ट करून खातो, ते मूठभर तांदळावर राबून आपलं काम पळवतात. काळी पिवळी बोटं फाटकाच्या फटीतून आत येतायत, लाव रे भावा, लाव. शेवटच्या ओळीला तो छान हसतो. आजोबांचे वडील स्वतः नॉर्वेहून बोटीत बसून आलेले, हे मार्थानेच मला सांगितलं होतं.

मी कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. फाटकाच्या फटीतली ती बोटं माझीच होती आणि गेले कित्येक दिवस तीच बोटं त्या आजोबांना जपून धूत होती. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटलं, कारण चाल अजूनही आवडत होती.

वॉल्टरला ऐकवलं. तो म्हणाला, "हे मागाहून आलेलं नाही." म्हणजे ठेवायचं.

मार्था आली. मी तिला आधी सांगितलं की शब्द चांगले नाहीत. तिने ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना ती माझ्याकडे बघत नव्हती. मग हेडफोन काढून म्हणाली, "तो फार चांगला माणूस होता." मी म्हटलं, "असणार." दोघींचंही खरं होतं. तबकडी अभ्र्यात गुंडाळता गुंडाळता तिने हळूच विचारलं, "ती खरखर परत घालता येईल का?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. घालता आली असती. मूळ प्रत आम्ही नेहमी जपून ठेवतो. मी म्हटलं, "येईल, पण आता तुम्ही ऐकलंय."  शेवटी तिने ती तबकडी ग्रंथालयाला देऊन टाकली, आजोबांच्या गाण्याखाली शब्दही छापायच्या अटीवर. तिच्या नातीच्या बाळाला तिने काय गाऊन झोपवलं ते मी विचारलं नाही.

त्यानंतर वॉल्टर गेला, दुकान बंद झालं, त्या गाळ्यात आता बबल टी मिळतो. मी निवृत्त झाले आणि रीतीप्रमाणे मराठी मंडळाच्या कार्यक्रमांच्या माइकवाल्या काकू झाले. एक वर्षी आमच्या मंडळाला गावच्या चार जुलैच्या, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाच्या, परेडमध्ये पहिल्यांदा जागा मिळाली. ही जागा श्रीरंगने मिळवली होती. श्रीरंग पुण्याचा, आयटीत मॅनेजर, ग्रीनकार्डची वाट बघून केस पिकलेला, आणि हौशी कवी. परेडसाठी तो इतका जिवावर का उदार झालाय ते मला त्याच्या बायकोकडून कळलं. किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये एका माणसाने तिला आणि लेकीला, म्हणजे ईराला, "परत जा" म्हणून सुनावलं होतं. ईरा तेव्हा चौथीत. त्यानंतर श्रीरंगला एकच ध्यास लागला, की गावाने एकदा आपल्याला नीट बघावं. आपण कसे चांगले लोक आहोत ते.

आदल्या वर्षी मंडळाचा लेझीमचा व्हिडिओ सिनेमाच्या चालीमुळे इंटरनेटवरून उडाला होता. कॉपीराइट. त्यामुळे श्रीरंगने ठरवलं की चाल अशी शोधायची जिच्यावर कुणाचा हक्क उरलेला नाही. आपल्याकडे ही काही नवी गोष्ट नाही. चालीवर शब्द बसवणं आपल्या रक्तात आहे. अर्ध्या आरत्या आणि निम्मी मंगलाष्टकं कुठल्या ना कुठल्या उसन्या चालीवर आहेत, आणि मूळ गाणं काय होतं याची चौकशी कुणी करत नाही. चाल गोड लागली, बसवा शब्द.

तालमीला मी माइक लावायला गेले. शाळेच्या मैदानावर नऊवारी आणि खाली स्नीकर्स घातलेल्या मुली, ढोल, लेझीम. श्रीरंगने फोनवरून चाल लावली. दोन ओळी झाल्या आणि माझ्या हातातली वायर सुटली. मार्थाच्या तबकडीची दुसरी बाजू होती ती, नुसत्या बँडची. मीच स्वच्छ केलेली. ग्रंथालयाने दोन्ही बाजू आपल्या वेबसाइटवर फुकट ठेवल्या होत्या आणि श्रीरंगने शब्द नसलेली तेवढी उचलली होती. शब्द मध्ये आले की लिहिताना त्रास होतो ना.

"काय चाल आहे ना काकू!" तो म्हणाला. "एकदम मार्चिंग फील. लेझीमला तर परफेक्ट बसते."

बसत होती. मुली सुंदर खेळत होत्या. पहिलं कडवं मराठीत होतं, सण, समुद्र, नवा देश. दुसरं कडवं गावातल्या लोकांना कळावं म्हणून इंग्रजीत, आणि ते ईरा एकटी म्हणणार होती. तिचा आवाज घंटीसारखा. तिने गायलं त्याचा अर्थ असा: आम्ही पुढच्या दाराने आलो, रांगेत उभे राहून आलो. आम्ही डिग्री घेऊन आलो, ते कुंपण चढून आले. आम्ही टॅक्स भरतो, ते हात पसरतात. दार आहे ते दारासारखं राहू द्या.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यात कुणाला काही खुपलं असेल असं मला वाटत नाही, कारण हे आपण सगळे दर शनिवारी कुणा ना कुणाच्या घरी पावभाजी खाताना म्हणतच असतो. "आम्ही लीगली आलो." फक्त ते गाण्यात ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी श्रीरंगच्या घरी गेले. चहा झाला. मी म्हटलं, "तुला या चालीचे मूळ शब्द ऐकवायचेत." आणि फोनवरून तबकडीची पहिली बाजू लावली. तो आधी मान डोलावत ऐकत होता. मग मान थांबली.

गाणं संपल्यावर तो म्हणाला, "कमाल आहे." मग म्हणाला, "पण काकू, शंभर वर्षं झाली. कुणाला आठवतंय? उलट मस्तच नाही का, त्यांच्याच चालीवर आपण त्यांच्याच रस्त्यावर नाचतोय. याला म्हणतात जिरवली."

"चालीचं मी काही म्हणत नाही," मी म्हटलं. "नाच खुशाल. मलाही ती आवडते. दुसरं कडवं परत ऐक."

मी फक्त तेवढा तुकडा पुन्हा लावला. आम्ही नांगर घेऊन आलो, ते बोचकं घेऊन आले.

श्रीरंगने ऐकलं. त्याला कळलं हे मला त्याच्या कपाकडे बघण्यावरून कळलं. त्याने ते शब्द त्याआधी कधी ऐकले-वाचले नव्हते. चालीनेच त्याच्याकडून लिहून घेतले असं म्हणायचा मोह होतो, पण मी तसं म्हणणार नाही. चाल बिचारी काय करणार? आम्ही-ते, आम्ही-ते, हा ठेका तयारच असतो, बसायला जागा शोधत असतो.

"तुम्हाला ठाऊक नाही काकू आम्ही काय सहन करतो," तो एकदम चिडून म्हणाला. "माझं ग्रीनकार्ड नाही. नोकरी गेली तर साठ दिवसांत बाडबिस्तरा. माझ्या मुलीला भर पार्किंगमध्ये... मला फक्त एवढंच सांगायचंय त्यांना, की आम्ही ते नव्हे. तुम्हाला राग आहे तो आमच्यावर काढू नका."

"मग त्यांनी कुणावर काढावा?" मी विचारलं.

  ईराच्या जागी माझी मुलगी असती तर मी काय लिहिलं असतं, हे मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं भासवायला मी गेले नव्हते. मी उठले तेव्हा तो अजून कपाकडेच बघत होता.

परेडच्या आदल्या संध्याकाळी मंडळाच्या व्हॉट्सॅपवर निरोप आला. दुसरं कडवं कॅन्सल केलं आहे, पहिलंच दोनदा म्हणायचं. कारण दिलं नव्हतं. खाली अंगठे आले, आणि एकाने विचारलं की वडे किती सांगायचे.

परेड छान झाली. ऊन मी म्हणत होतं. पुढे अग्निशामक दलाचा बंब, मग शाळेचा बँड, मग आम्ही. रस्त्याच्या दोन्ही कडेला लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले, मुलांच्या हातांत छोटे झेंडे. मी सजवलेल्या ट्रेलरवर मिक्सर घेऊन बसले होते, शेजारी श्रीरंग माइक घेऊन, आणि पुढे ईरा. लेझीम सुरू झाली तशी माणसं खुर्च्यांवरून उठली. पहिलं कडवं झालं. टाळ्या पडल्या. बँडची ती मधली ओळ वाजली आणि ईराने तोंड उघडून दुसरं कडवं सुरू केलं.

तिचा दोष नव्हता. निरोप व्हॉट्सॅपवर आला होता आणि तो आईबापांच्या फोनवर; तिला तोंडाने सांगायचं श्रीरंगने टाळलं असणार. ईराने महिनाभर तेच घोकलं होतं. इंग्रजीत, स्वच्छ, घंटीसारखं, सगळ्या गावापुढे. आम्ही पुढच्या दाराने आलो. समोर एक आजोबा उठून उभे राहिले आणि कौतुकाने मान डोलवायला लागले. त्यांच्यापलीकडे चर्चच्या पायऱ्यांवर काही कामकरी माणसं बसली होती, रंगाचे डाग पडलेले बूट, मांडीवर मुलं, स्पॅनिश बोलणारी. तीही टाळ्या वाजवत होती. कुंपणाची ओळ अजून त्यांच्यापर्यंत आली नव्हती.

माझं बोट ईराच्या माइकच्या बटणावर गेलं, पण त्याच्या आधी श्रीरंगने आपला माइक तोंडाशी धरला आणि घशाच्या शिरा ताणून ओरडला, "गणपती बाप्पा..."

अशा वेळी मराठी माणसाला विचार करावा लागत नाही. ढोलवाले, लेझीमवाल्या, ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर, मागे पाण्याच्या बाटल्या वाटणाऱ्या काकू, सगळ्यांनी एका आवाजात "मोरया!" केलं. तो पुन्हा ओरडला. पुन्हा मोरया. ढोलाने ठेका सोडला आणि गणपतीचाच धरला. चार जुलैला, भर अमेरिकेत, श्रीरंग गणपती विसर्जनासारखा ओरडत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ईराचे ओठ हलत होते. ऐकू काहीच येत नव्हतं. चर्चच्या पायऱ्यांवरची मुलंही एव्हाना हात वर करून "मोरया" म्हणत होती.

परेड संपल्यावर सगळे गोठवलेल्या सरबताच्या कांड्या घेऊन सावलीत गेले. ईरा एकटी फुटपाथच्या कडेला बसली होती, नऊवारीचा काष्टा आवरत, फुरंगटून. श्रीरंग तिच्या शेजारी जाऊन बसला. मी वायरी गुंडाळत जवळच होते.

"दॅट वॉज माय सोलो, बाबा," ती म्हणाली. "तू माझ्यावर का ओरडलास?"

ढोलवाल्यांवर ढकलता आलं असतं. घोटाळा झाला म्हणता आलं असतं. श्रीरंग म्हणाला, "ते कडवं वाईट होतं, बाळा. पार्किंगमधला तो माणूस आपल्याला जे म्हणाला ना, तेच त्यात आपण दुसऱ्यांना म्हणत होतो."

ती त्याच्याकडे वळली. "बट यू रोट इट."

"हो. मीच लिहिलं. चुकलं माझं. आता ते विसरून जायचं."

 तिच्या हातातली कांडी वितळून पदरावर लाल ठिबकत होती.

"आय कान्ट," ती म्हणाली. "आय नो इट बाय हार्ट."

श्रीरंगने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर मी नको ते काढून टाकायचंच काम केलं होतं, पण यावर माझ्याकडे काही इलाज नव्हता.